पाठमोरा टिंगू

पडद्यावरच्या पोराला आवाज देणारी बाई भाजीची पिशवी घेऊन रस्त्यातून चालली, तर तिला कोण ओळखणार? टिंगूला मात्र सगळे ओळखत. दीपगृहात एकटा राहणारा, सुपासारख्या कानांचा, गुडघ्याला कायम पट्टी बांधलेला तो कार्टूनमधला पोरगा एके काळी रोज संध्याकाळी घराघरांत यायचा, आणि बोलायचा तो हिच्या गळ्यातून. तेव्हा ती नुकतीच तिशीत आलेली, अंगानं लहानखुरी. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला माईक कितीही खाली घेतला तरी तिला उंचच पडायचा, म्हणून तिला एका लाकडी खोक्यावर उभं करत. तिथल्या लोकांनी तिलाच टिंगू म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्माचं चिकटलं. आता सत्तरी उलटली, केसांचा कापूस झाला, तरी जुनी माणसं तिला टिंगूताई म्हणत आणि नवी पोरं टिंगूआजी.

त्या टिंगूचा आता चित्रपट आला होता. मालिका बंद पडून एक आख्खी पिढी मोठी झाल्यावर, ज्या परदेशी मंडळींनी ती काढली होती त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या चित्रकारानं तो केला होता. आपल्या भाषेतला टिंगू दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून नको, असा हट्ट ध्वनिमुद्रकानं धरला. ह्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. भिंतीपलीकडे कुणी कुशीवर वळलं तरी त्याला ऐकू जाई, अशी त्याची ख्याती. तोही आता साठीच्या पुढे गेला होता.

"अरे, माझा आवाज फाटला आता," ती म्हणाली होती.

"फाटला नाही ताई, विरलाय. आणि चित्रपटातला टिंगूही जरा विरलेलाच आहे. या तुम्ही."

ती गेली. काम थोडंच होतं. सगळ्या चित्रपटातले टिंगूचे संवाद मिळून एका पानात मावले असते. चित्रपटाला गोष्ट अशी नव्हतीच. समुद्र आटून गेलेला. दीपगृह वाळूत उभं. टिंगू तसाच लहान, पण त्याची सावली म्हाताऱ्या माणसाची. वाळूतून माणसांची रांग चाललेली, प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी खुर्ची. मधेच एक बाई पाठीवर दार बांधून जाते. आणि शेवटी टिंगू जिना चढून वर येतो, दिवा विझलेला असतो, तो आपल्याकडे पाठ करून बाहेर बघत राहतो. खूप वेळ. नुसता वारा. मग अंधार.

"एवढंच?" तिनं विचारलं होतं.

"एवढंच," कानसेन म्हणाला.

प्रदर्शनाच्या आधी थोड्या लोकांना बोलावून चित्रपट दाखवायचा, दिवे लागले की त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि चित्रपटात काम केलेल्यांनी आपण कोण ते न सांगता मागच्या रांगेत बसायचं, ही वितरकाची पद्धत. ध्वनिमुद्रणाच्या इमारतीतच तळमजल्यावरच्या छोट्या प्रेक्षागृहात तो खेळ झाला. ती आणि कानसेन अगदी मागे बसली होती. दिवे लागले. मग कुणीतरी खोकलं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

"मनमोकळं बोला," वितरक पुढे येऊन म्हणाला. चाळिशीचा, दोन्ही हातांत दोन फोन धरणारा माणूस. "चांगलं, वाईट, काहीही. इथं कुणी रागावणार नाही."

"चित्रं सुंदर होती," एक आजोबा म्हणाले. "गोष्ट कधी सुरू होणार होती?"

लोक हसले. दाढीवाला एक तरुण मात्र हसला नाही. "आजोबा, गोष्ट शोधायचीच नसते. अ‍ॅनिमे आहे हे, साधं कार्टून नव्हे, आणि सगळं प्रतीकात्मक आहे. समुद्र आटला म्हणजे बालपण आटलं. रिकाम्या खुर्च्या म्हणजे आपल्यातून गेलेली माणसं."

"आणि ती सावली?" दोन मुलांना घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं.

"सावली म्हणजे काळ."

"बरं. आणि पाठीवर दार बांधलेली बाई?"

दाढीवाल्यानं दाढी खाजवली. "तिच्यावर विचार चालू आहे."

"माझा धाकटा झोपला," ती बाई म्हणाली. "थोरला विचारतोय, ह्यांच्याकडे खुर्च्या आहेत तर ही माणसं बसत का नाहीत? काय सांगू त्याला?"

"हाच तर प्रश्न आहे!" दाढीवाला उसळून उठला. "तुमच्या मुलाला चित्रपट कळलाय!"

"त्याला भूक लागलीय," आई म्हणाली.

मागच्या रांगेत कानसेननं तोंडावर रुमाल धरला. टिंगूताईलाही हसू आलं. लोक बोलत होते ते तिला आवडत होतं. इतकी वर्षं बंद खोलीत काचेसमोर बोलत आलेल्या माणसाला ऐकणारे लोक क्वचितच दिसतात.

मग मधल्या रांगेतला एक माणूस उठला. भरदार, टाय लावलेला, कुठल्याशा मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक असावा असा. बोलायची सवय असलेला माणूस, पण आता अडखळत होता.

"मला प्रतीकं वगैरे नाही कळत," तो म्हणाला. "मी लहानपणी ही मालिका बघायचो. आईबाप दोघंही कामावर. शाळेतून आलं की कुलूप काढायचं आणि घरात एकटं बसायचं. अंधार पडायला लागला की मालिका लागायची. शेवटी टिंगू दिवा लावायचा आणि समुद्राकडे बघून म्हणायचा, 'मी आहे इथंच.' तो तसं म्हणाला की मी उठून घरातला दिवा लावायचो. त्याच्याआधी मला भीती वाटायची उठायची." त्यानं टाय सैल केला. "आज तो म्हणाला नाही. शेवटपर्यंत वाट पाहिली मी. का नाही म्हणाला, एवढंच कुणीतरी सांगा."

प्रेक्षागृहात बऱ्याच माना हलल्या. "हो, मीही वाट पाहत होते," एक बाई म्हणाली. "त्या वाक्याशिवाय टिंगू म्हणजे काय!"

"कारण मूळ मालिकेत ते वाक्य नाहीच," पहिल्या रांगेतून आवाज आला. कॉलेजातली एक चष्मेवाली मुलगी होती. "मी मूळ भाषेत सगळे भाग पाहिलेत. टिंगू तिथं काही बोलत नाही, नुसता एक सूर गुणगुणतो. ते वाक्य आपल्याकडच्या लेखकानं मधेच घुसडलंय. आणि तुम्ही सगळे एका न लिहिलेल्या वाक्यावर मोठे झालात."

"लिहिलेलं कसं नाही?" टायवाला चिडला. "मी ऐकलंय!"

"ऐकलं असेल. पण ते टिंगूचं नाही."

"मग कुणाचं?"

मुलीनं खांदे उडवले. "तेच म्हणतेय मी. कुणाचं कोण जाणे."

कानसेननं हळूच शेजारी बघितलं. टिंगूताई मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. आपण कोण ते सांगायचं नाही, हा तिथला नियम होता आणि तिनं तो पाळला.

कुणाचं, ते तिला ठाऊक होतं. लेखक म्हणजे तिचे यजमान. ध्वनिमुद्रणाच्या त्या इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही, सगळे 'लेखक' म्हणत, म्हणून तीही गमतीनं म्हणू लागली ती कायमचीच. परदेशातून चित्र आलं की त्याच्याबरोबर आवाजाच्या दोन वेगळ्या पट्ट्या येत. एकीवर बोलणं, दुसरीवर लाटा, वारा, दारं, वाद्यं. बोलण्याची पट्टी काढून टाकायची आणि तिच्या जागी आपलं बोलणं भरायचं. टिंगूचं ते शेवटचं गुणगुणणं नेमकं बोलण्याच्या पट्टीवर होतं. ती काढली की सूरही गेला आणि उरलं काय, तर नुसतं हलणारं तोंड. टिंगूताईनं गुणगुणून पाहिलं, पण गाण्याचं अंग काही तिला नव्हतं. कानसेननं तेव्हा हात जोडले होते, "ताई, पोरगा बुडतोय असं वाटतंय." मग त्या हलणाऱ्या ओठांत बसेल असं काहीतरी लिहून आणा, असं लेखकांना सांगितलं गेलं.

लेखक घरी टेबलाशी डोकं धरून बसले. दुपारची वेळ होती. पाळण्यातली लेक जागी झाली होती आणि आई दिसेना म्हणून रडत होती. टिंगूताई मागच्या बाजूला नळावर कपडे पिळत होती. तिथूनच ती ओरडली, "मी आहे इथंच!" रडं थांबलं. हात पुसत ती आत आली, तर लेखक तोंड उघडमीट करत, ओठांवर बोट ठेवून ते शब्द मोजत होते.

"बसतंय," ते म्हणाले. "अगदी बसतंय गं."

बसलं ते असं बसलं की लोकांनी टिंगूचे कान विसरावेत पण ते वाक्य विसरू नये. लेखकांचं नाव मात्र कधी पडद्यावर आलं नाही. भाग संपला की नावं सरकायच्या आत जाहिरात लागायची. दर संध्याकाळी ते लेकीला मांडीवर घेऊन बघत बसत आणि जाहिरात लागली की म्हणत, "आज पण राहिलं." ते हसून म्हणत, पण म्हणत रोज.

खेळ संपल्यावर वितरक वर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तिला भेटायला आला. दोन्ही फोन त्यानं खिशात घातले होते, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

"मॅडम, ऐकलंत ना? अर्धं प्रेक्षागृह त्या वाक्यासाठी थांबलं होतं. घालू या आपण ते. टिंगू पाठमोरा आहे, ओठ दिसतच नाहीत. काहीही बसेल. मूळ कंपनीला मी आधीच विचारून ठेवलंय, ते म्हणाले, तुमच्या प्रेक्षकांचं तुम्ही बघा."

"त्या चष्मेवालीचं काय?"

"एकटी आहे हो ती. आणि अजून एक," वितरकाचा आवाज खाली आला. "वाक्य लेखकसाहेबांचं. ते चित्रपटात आलं की शेवटी त्यांचं नाव घालता येईल मला. मोठ्या पडद्यावर, एकट्याचं, वेगळ्या ओळीत. वाक्य नसेल तर मी कुठल्या कारणानं घालू? चित्रपटाचे संवाद दुसऱ्यानं लिहिलेत."

लेखकांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. "कधी करायचं?" तिनं विचारलं.

घरी लेक आली होती. लेक दातांची डॉक्टर. लेखक म्हणायचे, "आमच्या घराण्याचा धंदाच तोंडाचा. आई तोंडाकडे बघून बोलते, बाप तोंडाकडे बघून लिहितो, आणि लेक तोंडात बघून पैसे घेते." तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं. लेखकांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले होते, ते तिनं उचलून पलंगावर ठेवले आणि ती खुर्चीत बसली.

"बाबांचं नाव येईल ते छान आहे," ती म्हणाली. "पण तुला काय वाटतं? तुझं मत?"

"माझं कसलं मत? मी आवाज देणारी बाई."

"आई, तू तो चित्रपट पहिल्यांदा बघून आलीस तेव्हा रात्री जेवली नव्हतीस. सारखी त्या शेवटाबद्दलच बोलत राहिलीस. तो शेवट गप्प आहे म्हणूनच ना?"

"गप्प आहे म्हणून लोकांना कळत नाही."

"नाही कळलं तर नाही कळलं. तुला ना, रिकामी जागा बघवतच नाही. कुणाचं तोंड हललं की तू शब्द घातलेच. बाबांच्या वेळीसुद्धा..." लेक एकदम थांबली. "जाऊ दे. चहा टाकते."

"काय बाबांच्या वेळी?"

"काही नाही गं. तुझी साखर बंदच आहे ना अजून?"

लेक गेल्यावर खुर्चीवर कपडे परत ठेवावेसे टिंगूताईला वाटेनात.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती सकाळीच पोचली. खोली तीच, भिंतींवरचं मऊ आच्छादन नवं. लाकडी खोकं केव्हाच गेलं होतं, आता माईकच हवा तेवढा खाली येई. काचेपलीकडे कानसेन, त्याची मदतनीस मुलगी आणि वितरक. पडद्यावर शेवटचा प्रसंग लागला. टिंगू जिना चढून आला, विझलेल्या दिव्याशी उभा राहिला. पाठ, सुपासारखे कान, मागे फरशीवर पसरलेली म्हाताऱ्याची सावली. वारा.

"मी आहे इथंच," ती म्हणाली.

आवाज विरलेला होता खरा, पण आला तो तसाच, त्या जुन्या संध्याकाळचा. काचेपलीकडे मदतनीस मुलीनं डोळे पुसले. वितरकानं दोन्ही अंगठे वर केले. कानसेन मात्र यंत्राकडे बघत राहिला.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"चांगलं झालं ताई."

"कानसेन."

"चांगलं झालं म्हणतोय ना." मग त्यानं उसासा टाकला. "आवाजात काही खोट नाही. फक्त टिंगू बोलतोय असं नाही वाटलं. तुम्ही त्याला समजावताय असं वाटलं. रडू नको, मी आहे म्हणून."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. "मला तो प्रसंग पुन्हा दाखव," ती म्हणाली. "आवाज नको. वारासुद्धा नको."

मुक्या पडद्यावर टिंगू परत जिना चढला. आता ऐकायला काही नव्हतं, म्हणून ती नुसती बघत राहिली. आणि मग तिला दिसलं. बराच वेळ निश्चल उभ्या असलेल्या त्या पोराचे खांदे किंचित वर उचलले गेले. कॉलरही वर सरकली. सावलीचे खांदेही तसेच उचलले. मग ते तसेच राहिले, आणि हळूहळू खाली आले. बोलण्यासाठी माणूस श्वास घेतो तसा त्यानं घेतला होता, आणि बोलला नव्हता.

ते खांदे तिच्या ओळखीचे होते.

लेखकांची वाचा गेली त्यानंतर दोन वर्षं ते त्या खुर्चीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालणाऱ्या माणसाचे स्वतःचे शब्द गेले. बोलावंसं वाटलं की त्यांचे खांदे असेच वर येत. आणि खांदे वर आले रे आले की ती बोलून मोकळी होई. पाणी हवंय? खिडकी लावू? दमलात का? हलत्या ओठांत शब्द भरण्यात तिचा जन्म गेला होता, चूक क्वचितच होई. येणारे जाणारे म्हणत, किती बरोबर ओळखता हो तुम्ही! तिलाही त्याचा अभिमान होता. त्यांच्या शेवटच्या महिन्यात थोरले दीर येऊन गेले. दोघा भावांत कधीचा अबोला. लेखकांचे खांदे वर आले, डोळे भावाच्या तोंडावर खिळले, आणि ती लगबगीनं म्हणाली, "बसा म्हणतायत भाऊजी. चहा घेऊनच जा म्हणतायत." दीर बसले. चहा प्याले, हवापाण्याचं बोलले आणि गेले. दारातून लेक म्हणाली होती, "आई, बाबांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं." आणि तिनं लेकीला झटकून टाकलं होतं, "तुला काय कळतंय?"

काय म्हणायचं होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. कदाचित शब्द आलेही नसते. पण त्या श्वासानंतर जी जागा होती, तिच्यात दोघं भाऊ एकमेकांकडे बघत थोडा वेळ तरी बसले असते. ती जागा तिनं चहानं भरून टाकली होती.

"ताई?" कानसेनचा आवाज आला. "बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "नको. ते वाक्य पुसून टाक."

वितरक खुर्चीतून उठलाच. "मॅडम!"

"पुसून टाक आणि परत लाव. मी श्वास देते."

आवाज देणाऱ्यांच्या कामात श्वास हा मोठा भाग. चित्रातली माणसं धावतात, दचकतात, रडतात, पण त्यांच्या छातीत हवा नसते. ती आपल्यातली उसनी द्यावी लागते. टिंगूला तिनं आजवर हजारो श्वास दिले होते. हा द्यायला ती माईकच्या आणखी जवळ सरकली. पोराचे खांदे वर आले. तिनं श्वास आत घेतला, बोलायला घेतात तसा, जिभेवर शब्द ठेवून. आणि थांबली. तो शब्द दातांशी आला होता. पस्तीस-चाळीस वर्षांची सवय बाहेर ढकलत होती. तिनं तो धरून ठेवला, खांदे खाली येईपर्यंत, आणि मग श्वास तसाच, काहीही न बोलता, सोडून दिला.

काचेपलीकडे यंत्र थांबलं.

"हा," कानसेन शेवटी म्हणाला. "हा टिंगूचा आहे."

"अहो, पण मी मागितलं काय होतं!" वितरक काकुळतीला आला. "त्या टायवाल्याला काय सांगू? एक श्वास?"

"त्यांना ते वाक्य पाठ आहे," ती म्हणाली. "त्यांच्या आधी आपण बोलून टाकलं तर त्यांनी काय करायचं?"

"लोक नाराज होतील."

"लोक परवाही नाराजच होते," कानसेन म्हणाला. "अर्धे ह्या बाजूनं, अर्धे त्या बाजूनं. आता निदान सगळे एका बाजूनं होतील."

वितरक हसला नाही. तो तिच्याजवळ आला आणि खरोखरच्या कळकळीनं म्हणाला, "मॅडम, मग नाव नाही घालता येणार मला. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय," ती म्हणाली. तिनं पर्स उचलली. जिन्यात आल्यावर कठड्याला धरून ती जरा उभी राहिली. मोठ्या पडद्यावर, एकट्याचं, वेगळ्या ओळीत. आज पण राहिलं, ती मनाशी म्हणाली, आणि तिला ते त्यांच्याच आवाजात ऐकू आलं.

चित्रपट लागला त्या दिवशी लेक दवाखाना लवकर बंद करून आली आणि दोघी तिकीट काढून गेल्या. शेवटच्या प्रसंगात पोराचे खांदे उचलले गेले, तो श्वास प्रेक्षागृहभर पसरला, आणि मग काहीच आलं नाही. लेकीनं अंधारात आईचा हात धरला. नावं सरकली, खूप परदेशी, मग थोडी इथली. लेक शेवटच्या नावापर्यंत बघत राहिली, आणि ज्याची वाट बघत होती ते आलं नाही तेव्हा तिनं नुसता हात आणखी घट्ट धरला.

बाहेर पायऱ्यांवर लोक नेहमीसारखे घोळक्यानं उभे होते. "म्हणाला की!" कुणीतरी सांगत होतं. "अगदी हळू म्हणाला. तुझं लक्ष नव्हतं."

"कुठं म्हणाला? नुसता श्वास घेतला."

"माझ्या कानांनी ऐकलं मी."

"पैसे फुकट गेले," तिसरा म्हणाला. "खुर्च्यांचं काय झालं ते सांगितलंच नाही."

खांबाशी टायवाला माणूस उभा होता, आज टायशिवाय, छोट्या मुलीला कडेवर घेऊन. तो कुणाशी वाद घालत नव्हता. त्याच्या समोर ती चष्मेवाली मुलगी होती, पण तीही ह्या खेपेला त्याला काही शिकवत नव्हती. ती वैतागलेली दिसत होती.

"काका, पुन्हा घुसडलंय ह्यांनी," ती म्हणत होती. "मूळ चित्रपटात तिथं श्वाससुद्धा नाही. फक्त वारा आहे. मी खात्री करून सांगते. कुणी घातला असेल?"

टिंगूताईला घरी जायचं होतं. पण मागच्या रांगेत बसायचा नियम आता लागू नव्हता.

"मी," ती म्हणाली.

दोघंही वळले. भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग तिनं गळा खाकरून, त्या सुपाएवढ्या कानांच्या पोराच्या आवाजात विचारलं, "का? नको होता का?"

टायवाला दचकून एक पायरी खाली सरला. त्याच्या कडेवरची मुलगी मात्र खुदकन हसली. चष्मेवालीनं चष्मा काढला, परत घातला.

"तसं नाही," ती म्हणाली. "नको होता असं नाही. तो आला तेव्हा मला... म्हणजे मला राग आला आणि रडूही आलं." ती जरा घुटमळली. "आजी, मग ते मालिकेतलं वाक्य पण तुम्हीच घातलं होतं?"

"नाही बाळ. बोलले मी. लिहिलं त्यांनी."

"कुणी?"

टिंगूताईनं लेकीकडे बघितलं. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. कधी उभ्या आयुष्यात चारचौघांत घेतलं नव्हतं ते, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, एकट्याचं, वेगळ्या ओळीत यावं तसं. चष्मेवालीनं ते एकदा मनाशी पुटपुटून पाहिलं, आणि बरोबर आलं का म्हणून तिच्याकडे बघितलं.